छायाचित्रांची दुरुस्ती : जुने हत्यार आणि जुने पुस्तक



मी यंत्रमाग कामगारांच्या संघटनेचे काम करणारा माणूस. मजुरी, बोनस, फंड ह्या विषयांवर वर्षाचे तीनशे दिवस मी बोलतच असतो, आणि ते ऐकून कंटाळलेले काही श्रोते येथे समोरच बसलेले मला दिसत आहेत. म्हणून ह्या वेळी चालकांकडून मी मुद्दाम निराळा विषय मागून घेतला. संगणकावर छायाचित्रे दुरुस्त करण्याची विद्या मी गेल्या चार वर्षांत एका पुस्तकावरून शिकलो. पुस्तक जुने, आणि ज्या सॉफ्टवेअरविषयी ते लिहिले आहे तेही जुने. असल्या शिक्षणातून माणसाच्या हाती काय लागते, एवढेच मला आपणांस सांगावयाचे आहे.

आरंभी एक खुलासा करतो. इंग्रजीत ह्या कामाला जो शब्द आहे त्याला मराठीत 'संपादन' म्हणतात. तो शब्द वर्तमानपत्राच्या कचेरीत शोभतो. आमच्याकडे येणारी छायाचित्रे भिजलेली, घडी पडलेली, वाळवीने कुरतडलेली अशी असतात. त्यांच्या बाबतीत 'दुरुस्ती' हाच शब्द मला बरा वाटतो. मागाची दुरुस्ती करणारा जसा जॉबर, तसा मी छायाचित्रांचा जॉबर, असे समजा.

आता पुस्तकाची हकीकत. गावातील एका मुद्रकांनी आपला छापखाना बंद केला, तेव्हा त्यांनी एक जुना संगणक संघटनेला देऊन टाकला. त्यावर फोटोशॉप ह्या सॉफ्टवेअरची सातवी आवृत्ती होती. रीतसर पैसे मोजून घेतलेली, खोक्यासकट, तबकडीसकट. ही आवृत्ती २००२ साली निघाली. सोबत त्याच आवृत्तीचे एक जाडजूड इंग्रजी मार्गदर्शक होते. पुस्तकाच्या मागल्या पुठ्ठ्याला सरावाच्या चित्रांच्या तबकडीसाठी पाकीट होते, पण ती तबकडी कोणी कधी नेली कोण जाणे, पाकीट रिकामे होते. ह्या रिकाम्या पाकिटाचे महत्त्व पुढे सांगेन.

माझे इंग्रजी शाळेतले नव्हे, कामगार न्यायालयाच्या निकालपत्रांतले. 'वादी', 'प्रतिवादी', 'थकबाकी' ह्यांचे इंग्रजी शब्द मला झोपेतही सांगता येतील. परंतु ह्या पुस्तकातील इंग्रजी निराळे. रोज रात्री कार्यालय बंद झाल्यावर दोन पाने, शब्दकोश शेजारी ठेवून, अशा चालीने मी निघालो. माझा भाचा संगणकाच्या धंद्यात आहे. तो म्हणाला, "मामा, कशाला ह्या पुस्तकात डोके घालता? ह्यातले एकही बटण आता त्या जागी राहिलेले नाही."

त्याचे म्हणणे खरे आहे. छायाचित्राचा उजेड-अंधार सुधारण्याची 'लेव्हल्स' नावाची सोय फोटोशॉपच्या सातव्या आवृत्तीत 'इमेज' ह्या यादीखाली 'ॲडजस्टमेंट्स'मध्ये सापडते. 'गिम्प' नावाचे जे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर आहे, त्यात तीच सोय 'कलर्स'खाली आहे. एका जागचा तुकडा उचलून दुसरीकडे ठेवावयाचा असेल, तर फोटोशॉपमध्ये 'ऑल्ट' ही कळ दाबून धरावी लागते, गिम्पमध्ये 'कंट्रोल'. पुस्तकातील अशी सगळी वाक्ये मी पेन्सिलीने समासात टिंब देऊन वेगळी काढली. उरलेली वाक्ये बटणांविषयी नव्हतीच. ती छायाचित्राविषयी होती; उजेड म्हणजे काय, रंग म्हणजे काय, बारीक आणि भरड ह्यांत फरक कोणता, ह्यांविषयी होती. बटणांची वाक्ये शिळी झाली आहेत. ही दुसरी वाक्ये आजच्या सॉफ्टवेअरवरही जशीच्या तशी लागू पडतात. भाच्याला मी ती पाने दाखविली. तो म्हणाला, "हे आम्हांला कोणी शिकवलेच नाही."

आपल्या गावात बसून ह्या विद्येचा पहिला धडा समजण्यास फारशी अडचण पडू नये. साडीच्या काठाची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात, हे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले आहे. उभा धागा आणि आडवा धागा जेथे एकमेकांना ओलांडतात, तेथला एक बिंदू म्हणजे कागदावरचे एक घर. घर भरलेले असेल तर उभा धागा वर, रिकामे असेल तर खाली. संगणकातले छायाचित्र असेच घरांचे बनलेले असते. त्या घराला ते 'पिक्सेल' म्हणतात. फरक इतकाच की, मागावर घर भरलेले किंवा रिकामे एवढेच असते, तर काळ्यापांढऱ्या छायाचित्रात प्रत्येक घराला ० पासून २५५ पर्यंत एक आकडा दिलेला असतो. ० म्हणजे ठार काळे, २५५ म्हणजे स्वच्छ पांढरे. रंगीत चित्र असेल तर तांबडा, हिरवा, निळा असे तीन आकडे. त्यांच्या जुळण्या १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ होतात.

आणि ही नुसती उपमा नव्हे. फ्रान्समधील लियों गावी जाकार्द ह्या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भोकांच्या पुठ्ठ्यांवर चालणारी जी जोडणी मागाला बसविली, ती आपल्याकडे अजूनही 'जेकार्ड' ह्याच नावाने ओळखली जाते. १८३९ साली त्याच गावी जाकार्दची तसबीर रेशमात विणून काढली. तिला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले. दुरून पाहणारास ते कोरीव ठशाचे चित्र वाटे. गणकयंत्राचा आद्य कल्पक चार्ल्स बॅबेज ह्याने तिची एक प्रत मिळवून आपल्या घरी लावली होती, आणि भोकांचे पुठ्ठे त्याने आपल्या यंत्रासाठी ह्याच मागावरून उचलले. तेव्हा घरे मोजून चित्र करण्याची ही युक्ती विणकराच्या घरची आहे. ती फिरत फिरत आपल्याकडे परत आली, तर तिला परकी मानण्याचे कारण नाही.

दुसरा धडा 'लेव्हल्स'चा. तो उघडला की डोंगरासारखी एक आकृती दिसते. मला ती पाहताच हजेरीपट आठवला. ० पासून २५५ पर्यंत प्रत्येक छटेची किती घरे कामावर हजर आहेत, ह्याचा तो पट आहे. जुने, विटलेले छायाचित्र घ्या. त्यात ठार काळे कोणी नाही आणि स्वच्छ पांढरेही कोणी नाही. सगळी गर्दी मधल्यामध्ये, समजा ७० पासून २०० पर्यंत. दोन्ही टोके ओसाड. मग काळ्याचा बाण ओढून ७० वर आणावयाचा, पांढऱ्याचा २०० वर. क्षणात चित्रात जीव येतो. लोकांना हे जादूसारखे वाटते. परंतु पुस्तकातील लेखकाने पुढे एक गोष्ट करावयास सांगितली आहे : तोच हजेरीपट पुन्हा उघडून पाहा. पाहिले तर डोंगर नाहीसा होऊन फणी दिसू लागलेली! मधून मधून दात, मधून मधून फट. म्हणजे काय झाले? १३१ छटा होत्या, त्या २५६ जागांवर ताणून बसविल्या. नवी छटा एकही निर्माण झाली नाही. आहे तेच सूत जास्त रुंदीवर पसरले.

ह्या एका फणीने मला जेवढे शिकविले तेवढे उरलेल्या पुस्तकाने शिकविले नाही. हे हत्यार छायाचित्रात जे आहे ते उघड करू शकते, हलवू शकते, ताणू शकते. जे नाही ते आणू शकत नाही. बाहेरून काही आणावयाचे तर ते माणसाने आपल्या हाताने, समजून उमजून आणावे लागते. मी जुने हत्यार म्हणतो त्याचा विशेष हाच.

हे हत्यार बनविणाऱ्यांची थोडी माहिती सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात टॉमस नोल नावाचा विद्यार्थी होता. १९८७ साली, आपल्या संगणकाच्या काळ्यापांढऱ्या पडद्यावर करड्या छटा दिसाव्यात म्हणून त्याने एक छोटे साधन लिहिले. त्याचा भाऊ जॉन सिनेमाच्या चमत्कृतिदृश्यांच्या कारखान्यात कामाला होता. त्याने त्यात भर घालविली. १९९० साली ते 'फोटोशॉप' म्हणून विक्रीस आले. ह्या भावांच्या वडिलांना छायाचित्रणाचा नाद होता, आणि घराच्या तळघरात त्यांची अंधारी खोली होती. मुलांचा हात त्या खोलीत बसलेला. त्याचे ठसे सॉफ्टवेअरभर पसरलेले आहेत.

पुस्तकात 'डॉज' आणि 'बर्न' अशी दोन हत्यारे दिलेली होती. शब्दकोशात 'डॉज' म्हणजे हुलकावणी देणे, 'बर्न' म्हणजे जाळणे. हुलकावणी कोणाला आणि जाळावयाचे काय? पडद्यावर पहिल्याचे चिन्ह काडीला लावलेल्या गोल चकतीसारखे, दुसऱ्याचे मूठ वळलेल्या हातासारखे. मी ते पान घेऊन गावातील एका जुन्या स्टुडिओवाल्यांकडे गेलो. ऐंशीच्या घरातले गृहस्थ. त्यांनी चिन्हे पाहिली आणि हसू लागले. म्हणाले, "अहो, हा माझाच हात आहे." मग त्यांनी करून दाखविले. अंधाऱ्या खोलीत एन्लार्जरचा उजेड कागदावर पडत असताना, चेहरा फार काळा येऊ नये म्हणून तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती ते त्या जागेवर हलवीत ठेवीत. तेवढ्या जागेचा उजेड चुकविला, ती जागा उजळ आली, हे 'डॉज'. उलट, आभाळ फार पांढरे येत असेल तर दोन्ही हातांच्या पोकळीतून तेवढ्याच जागेवर जास्त वेळ उजेड सोडावयाचा, हे 'बर्न'. चकती सतत हलती ठेवावी लागे, नाहीतर कडा उमटे. पुस्तकातही नेमके हेच लिहिलेले : कडा मऊ ठेवा.

तसेच 'अनशार्प मास्क'. चित्र रेखीव करण्याच्या हत्याराला 'धूसर' असे नाव का असावे? तर पूर्वी निगेटिव्हची एक मुद्दाम धूसर केलेली उलटी प्रत काढून ती मूळ निगेटिव्हला चिकटवून छापीत, आणि त्यामुळे कडा उठून दिसत. निगेटिव्हवर पेन्सिलीने टचिंग करणारे, पात्याने डाग खरवडणारे, हाफटोनचे ब्लॉक करणारे, चार रंगांच्या चार फिल्मा अंधारात जुळविणारे, अशा कितीतरी कारागिरांचे हात ह्या एका खोक्यात येऊन बसले. ते बसले आणि बाहेरचे हात रिकामे झाले. गिरण्या बंद पडल्या तेव्हा निदान मोर्चे निघाले, वर्तमानपत्रांत अग्रलेख आले. टचिंगवाल्यांचा मोर्चा निघालेला मी कधी ऐकला नाही. एका गावात एक, दोन गावांत मिळून तीन, अशी त्यांची वस्ती. संघटना कोणाची करणार?

एक गोष्ट मात्र मला आवडली, तीही सांगून टाकतो. जुने फोटोशॉप सुरू होताना ते बनविणाऱ्यांच्या नावांची यादी पडद्यावर येत असे. त्यातले सीतारामन नारायणन हे भारतीय नाव तर जगभरच्या वापरणाऱ्यांना पाठ झाले होते. कापडाच्या ठाणावर गिरणीचा छाप असतो; ज्याने विणले त्याचे नाव मी आजवर पाहिलेले नाही.

आता त्या रिकाम्या पाकिटाकडे वळू. पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी, 'तबकडीवरील अमुक चित्र उघडा' असे असे. तबकडीच नाही, तेव्हा उघडणार काय? संघटनेच्या कपाटात जुन्या छायाचित्रांचा एक पत्र्याचा डबा होता. मी तीच घेतली. त्यात १९८६ सालचे एक समूहचित्र होते : आठ इंच बाय सहा इंच, काळेपांढरे, तीन रांगांत कामगार उभे. गळक्या छपराखाली राहून त्यावर बुरशी चढलेली. ते ६०० ठिपक्यांच्या मापाने स्कॅन केले. पावणेदोन कोटींच्या आसपास घरे झाली. एकेक चेहरा जेमतेम एक सेंटीमीटरचा, म्हणजे उंचीला २३५ घरे.

एके दिवशी एक तरुण आपल्या आजीला घेऊन कार्यालयात आला. आजोबांचे छायाचित्र घरात एकही नाही, ह्या समूहचित्रात ते आहेत, त्यांचा चेहरा मोठा करून मिळेल काय, असे त्याने विचारले. चेहरा सापडला. दुसऱ्या रांगेत, डावीकडून पाचवे. पण उजव्या डोळ्याच्या जागी बुरशीचा डाग.

अशा प्रसंगी काय करावे, हे पुस्तकात स्पष्ट दिलेले आहे. चांगला डोळा उचला, वेगळ्या थरावर ठेवा, आरशातल्यासारखा उलटा करा, दुसऱ्या जागी सरकवा, कडा मऊ करा. दहा मिनिटांचे काम. त्या तरुणानेही मोबाइलवर असे पाहिलेले होते, तो म्हणाला, "काका, डावा डोळा आहे की चांगला. तोच तिकडे बसवा."

परंतु ह्या गृहस्थांची कथा संघटनेत सर्वांना ठाऊक होती. १९८४ साली मागावरचा धोटा उडून त्यांच्या उजव्या डोळ्यात घुसला होता. ज्या कारखान्यात हे घडले त्याच्या मालकाने, हा माणूस आमच्याकडे कामालाच नव्हता, असा पवित्रा घेतला. हजेरीपटावर नाव नव्हते. तीन वर्षे खटला चालला. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात, दुसरा डोळा शाबूत असताना एक डोळा गेला तर कमाईची शक्ती ४० टक्के गेली, असे परिशिष्टात धरलेले होते. त्या ४० टक्क्यांसाठी संघटनेने एकेक साक्षीदार गोळा केला. ज्या डोळ्यासाठी एवढे भांडण झाले, तो आता मी दहा मिनिटांत परत बसवावयाचा!

मी तसे केले नाही. डागाच्या जागेपुरता एक निराळा थर घेतला, तेवढ्याच जागेच्या छटा हळूहळू ताणीत गेलो. बुरशीखाली काय शिल्लक आहे ते पाहावयाचे होते. चार संध्याकाळी गेल्या. शेवटी मिटलेल्या पापणीची एक रेघ वर आली, तीस-बत्तीस घरांची. तेवढीच छायाचित्रात होती, तेवढीच ठेवली. भोवतालची कातडी 'हीलिंग ब्रश'ने सारखी केली. हे हत्यार सातव्या आवृत्तीतच प्रथम आले. शेजारचा पोत उचलून तो जागच्या उजेडाशी जुळवून घेते.

छापील प्रत पाहून नातू काही बोलला नाही. आजींनी ती बराच वेळ हातात धरली. डोळ्याविषयी त्यांनी अक्षर काढले नाही. मग विचारले, "सदऱ्याची कॉलर विरलेली दिसते. एवढी नीट करता येईल का?"

कॉलर मी नीट करून दिली. आता आपणांपैकी कोणी म्हणेल, डोळा बसविणे खोटे आणि कॉलर शिवणे खरे, हा कुठला न्याय? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, घरच्या भिंतीवर लावावयाच्या तसबिरीतली कॉलर हा त्या घराचा अधिकार आहे. संघटनेच्या डब्यात जे समूहचित्र आहे त्यात ती विरलेलीच आहे. आम्ही प्रत्येक चित्राच्या तीन प्रती ठेवतो. एक स्कॅन केलेली, तिला कोणी हात लावावयाचा नाही. दुसरी थरांसकट, कामाची. तिसरी छपाईची. आणि एका वहीत, कोणत्या चित्रात काय बदलले, कोणाच्या सांगण्यावरून, हे तारखेसह लिहितो. पुस्तकात वहीचा उल्लेख नाही. ती सवय खटल्यांतून आलेली आहे.

छायाचित्रात लबाडी करण्याचे पाप संगणकाने आणले, असे पुष्कळांस वाटते. ते बरोबर नाही. मी डाव्या विचाराचा माणूस आहे, म्हणून आमच्याच घरातले उदाहरण देतो. ५ मे १९२० रोजी मॉस्कोत लेनिन सैनिकांपुढे भाषण करीत असतानाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. व्यासपीठाच्या पायऱ्यांवर ट्रॉट्स्की आणि कामेनेव्ह उभे होते. पुढे स्टालिनच्या काळात छापलेल्या प्रतींत पायऱ्या तेवढ्या राहिल्या, ती दोन माणसे गेली. तेव्हा हत्यार होते ते कुंचला, पाते आणि गोंद. १९८२ च्या फेब्रुवारीत 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाने इजिप्तचे पिरॅमिड मुखपृष्ठावर उभे बसावेत म्हणून एकमेकांजवळ सरकविले. फोटोशॉप तेव्हा जन्मलेही नव्हते. आणि २००६ साली रॉयटर्स ह्या वृत्तसंस्थेकडून बैरूतवरील बाँबहल्ल्याचे एक छायाचित्र आले, त्यात धूर वाढविलेला होता. तो वाढविला होता 'क्लोन स्टॅम्प'ने, म्हणजे मी बुरशी काढण्यासाठी जे हत्यार रोज वापरतो त्यानेच. उघडकीस कसे आले? धुराचा एकच भोवरा पुन्हा पुन्हा दिसत होता. काठाची नक्षी किती इंचांवर पुन्हा येते हे ओळखणाऱ्या आपल्या गावातील कोणाही विणकराने ते पकडले असते. त्या संस्थेने त्या छायाचित्रकाराची ९२० छायाचित्रे मागे घेतली. एका धुरापायी त्याची खरी छायाचित्रेही गेली, हे लक्षात घ्या.

आमच्याकडेही मोह झालाच. एका मोर्चाच्या दिवशी पाऊस आला, माणसे पांगली. वार्तापत्रासाठी छायाचित्र निवडताना एक कार्यकर्ता म्हणाला, "तुम्ही एवढे शिकला आहात, तर मागची जागा भरून टाका ना." मी म्हटले, भरतो, पण मग बोलणी करावयास बसू तेव्हा ती माणसेही तूच घेऊन ये. समोरच्या गच्चीवरून मालकांच्या माणसांनी आपली डोकी मोजलेली असतात. छायाचित्र गेले तसेच, पावसासकट.

ह्या विद्येचा धंदा आज गावोगाव कोठे चालतो, तर फ्लेक्स फलकांच्या दुकानांत. वाढदिवसाच्या शुभेच्छा, भावी नगरसेवक, वर नेत्यांचे मोठे चेहरे, खाली शुभेच्छुकांचे छोटे चेहरे. आपल्याच कामगारांची मुले तेथे नगावर बसलेली असतात. चेहरा गोरा करणे, पोट आत घेणे, टिळा ठळक करणे ह्यांत त्यांचा हात माझ्यापेक्षा कितीतरी वेगवान आहे. पण छपाईत रंग काळपट का आला, मोबाइलवरून आलेले चित्र दहा फुटांवर का फुटले, हे विचारले तर त्यांना सांगता येत नाही. त्यांना बटणे ठाऊक आहेत. चार बाय सहा इंचांचे चित्र ३०० ठिपक्यांनी छापावयाचे तर १२०० गुणिले १८००, म्हणजे २१ लाख ६० हजार घरे हवीत, हा तिसरी-चौथीचा गुणाकार आहे. तो येत असला की गिऱ्हाइकाला आधीच सांगता येते आणि फुटलेल्या फलकाचा दंड मजुरीतून कापला जात नाही. ज्ञान आणि मजुरी ह्यांचा संबंध मी एवढाच पाहिला आहे, पण तो पक्का पाहिला आहे.

आता नवी हत्यारे. त्यांना मी नावे ठेवणार नाही; ती वेगवान आहेत, आणि काही कामांत फार चांगली आहेत. दोन गोष्टी मात्र सांगावयास हव्यात. पहिली मालकीची. सातवी आवृत्ती विकत घेतली की घेणाऱ्याची झाली. क्रमांक घातला की काम सुरू. पुढच्या आवृत्तीपासून, २००३ साली, कंपनीकडून मान्यता मिळवून कुलूप उघडण्याची पद्धत आली. २०१३ साली कंपनीने जाहीर केले की, ह्यापुढची आवृत्ती विकत मिळणार नाही, महिन्याच्या किंवा वर्षाच्या भाड्याने मिळेल. भाडे थांबले की हत्यार थांबले. आपल्याकडे खर्चीवाला म्हणजे काय, हे सर्वांना ठाऊक आहे : जागा त्याची, माग त्याचा, सूत व्यापाऱ्याचे आणि दरही व्यापाऱ्याचा. छायाचित्रांच्या धंद्यातील कारागिराजवळ आता मागसुद्धा स्वतःचा उरलेला नाही. ह्यावर उपाय म्हणून मुलांना मी गिम्प शिकवितो. १९९६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस ह्या दोन विद्यार्थ्यांनी ते खुले केले. तेव्हापासून जगभरची माणसे ते फुकट वाढवीत आली आहेत, आणि २०२५ साली त्याची तिसरी मोठी आवृत्ती निघाली. त्याची ठेवण थोडी खडबडीत आहे. पण ते कोणी काढून घेऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट त्या पापणीच्या रेघेशी निगडित आहे. २०२३ पासून फोटोशॉपमध्ये अशी सोय आली की, जागा दाखवावी, शब्दांत सांगावे, आणि यंत्राने तेथे नवे चित्र भरावे. डाग दाखवून 'येथे डोळा' म्हटले तर ते डोळा देईल. उत्तम डोळा देईल, पापणीच्या केसांसकट. तो कोणाचा? लाखो छायाचित्रांतून शिकून बनविलेला, म्हणजे कोणाचाच नव्हे. फणीच्या दातांत फट दिसत होती, ती येथे दिसणार नाही. म्हणून माझा हट्ट असा की, शिकणाऱ्याने आधी जुन्या हत्यारावर चार महिने काढावेत. छटा ताणल्या की त्या विरळ होतात हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. मग नवे हत्यार खुशाल घ्यावे. ज्याने हाताने धागा जोडला आहे त्याला यंत्राने जोडलेल्या गाठीतले खोट लवकर सापडते.

वेळ संपत आला आहे, अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेले मला दिसले. एक-दोन व्यावहारिक सूचना करून बसतो. घरातील जुनी छायाचित्रे लॅमिनेशन करू नका. प्लास्टिक एकदा चिकटले की माझ्यासारख्याला काही करता येत नाही. अल्बमला चिकटलेली चित्रे ओढून काढू नका, आहेत तशीच घेऊन या, पानासकट स्कॅन होतात. मागल्या बाजूला काही लिहिलेले असेल तर तेही पुसू नका; पुष्कळदा नाव आणि साल तेथेच असते. मोबाइलवर इकडून तिकडे पाठविलेली प्रत आणू नका. पाठविताना तिची घरे कमी झालेली असतात, मूळ कागद आणा.

संघटनेच्या कार्यालयात रविवारी सकाळी नऊ ते बारा हा वर्ग असतो. फी नाही. जुना संगणक एकच आहे आणि त्याला इंटरनेटची तार जोडलेली नाही, कारण त्याच्या विंडोज एक्सपीची देखभाल कंपनीने २०१४ सालीच थांबविली. बाकी दोन संगणकांवर गिम्प आहे. पुस्तक मात्र घरी नेता येणार नाही. त्याची बांधणी सुटली आहे, आणि समासातली टिंबे वाचावयास सध्या सात जण रांगेत आहेत.